बाळंतपणानंतरची कंबरदुखी : दोष सुईचा नाही

रोवणी सुरू झाली की नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या गावांतून कंबर धरून येणाऱ्या लेकुरवाळ्या आमच्या सरकारी दवाखान्यात वाढतात. बाळ सात-आठ महिन्यांचे झालेले असते. "सिझरच्या वेळी पाठीत सुई दिली, तवापासून कंबर गेली," असे बहुतेकींचे म्हणणे. पण साधे बाळंतपण झालेल्याही हीच तक्रार करतात. सुईची जागा काही दिवस दुखू शकते. महिनोन् महिने चालणाऱ्या दुखण्याचे कारण ती नसते.

गरोदरपणात ओटीपोटाच्या हाडांना जोडणारे बंध सैलावतात, पोटाचे स्नायू ताणले जातात. बहुतेकींचे काही महिन्यांत पूर्ववत होते. काहींचे स्नायू दुबळेच राहतात आणि कमरेखालच्या सॅक्रोइलियाक सांध्यांवर ताण येत राहतो. त्यात चिखलात दिवसभर वाकणे, डोक्यावर मोळी, कडेवर मूल.

हे दुखणे नितंबावरच्या खळीपाशी असते. कूस बदलताना, एका पायावर उभे राहताना कळ येते. आम्ही रुग्णाला उताणे झोपवून पाय सरळ ठेवून वीतभर उचलायला सांगतो. पाय जड वाटला, पण कटिभाग दोन्ही बाजूंनी दाबून धरल्यावर हलका झाला, तर निदानाची दिशा मिळते. बहुतेकींना एक्स-रे लागत नाही.

खरा उपचार व्यायाम. उताणे झोपून गुडघे दुमडा. श्वास सोडताना लघवी रोखल्यासारखे स्नायू आवळा, बेंबीखालचे पोट हलके आत घ्या, पाच सेकंद धरा. असे दहा वेळा करा. जमू लागले की नितंब उचलण्याचा व्यायाम. सिझर झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. नॉर्वेतील 2004 च्या अभ्यासात असे व्यायाम 20 आठवडे केलेल्या महिलांचे दुखणे स्पष्टपणे कमी झाले. दोन वर्षांनीही तो फायदा टिकून होता. कॅल्शियमच्या गोळ्या जरूर घ्या, पण त्यांनी स्नायू बळकट होत नाहीत.

ताप, वजन घटणे, रात्री वाढणारी वेदना, पायात बधिरपणा किंवा लघवीवर ताबा नसणे, यांपैकी काही असेल तर त्वरित तपासणी करा. क्षयरोगही कंबरेत लपतो.

दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर 42 दिवसांत आशाताई सहा वेळा घरी येतात. त्यांना कंबरेबद्दल सांगा. आणि घरच्यांनो, यंदा तिला वाकण्याच्या कामातून अधूनमधून उसंत द्या, पाण्याची गुंडी दुसऱ्या कुणी उचला. औषधाइतकीच तीही गरज आहे.