काळ्या मातीतील कार्बनची सायकल

परभणी जिल्ह्यातील ज्या सायकलपटूला मर्यादित शिलकीत कार्बनची शर्यतीची सायकल घ्यावयाची आहे, त्याने प्रथम चाक व सांगाडा यांमधील फट पाहावी. कारण पावसाळ्यात येथील चिकण काळी माती टायरला लपेटून त्या फटीत घट्ट बसते आणि हलकेपणाचे सारे मोल तेथेच संपते. ३२ मिलिमीटरचा टायर मावूनही जागा उरावी.

कार्बनचे तंतू राळेत बसवून, जेथे जसा ताण पडतो तेथे त्या दिशेने त्यांचे थर रचतात, म्हणून सांगाडा हलका असूनही ताठ राहतो. मात्र आघाताने आतले थर सुटले, तर बाहेर चिन्ह दिसेलच असे नाही. सबब जुनी सायकल घेताना नळीवर नाण्याने हलकेच ठोकीत जावे. खणखणीत नाद एकाएकी बद्द झाला, की ती जागा संशयास्पद समजावी.

विद्युत गिअरमध्ये तारेच्या ओढीऐवजी बटणाच्या इशाऱ्यावर लहानशी मोटर साखळी अचूक सरकविते. गिअर बनविणाऱ्या शिमानो कंपनीने ही योजना २००९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत आणली आणि २०२२ मध्ये मध्यम किमतीच्या १०५ श्रेणीत. तथापि पैसा तुटपुंजा असेल, तर गिअर तारेचेच ठेवून तो खर्च सांगाडा, टायर व ब्रेक यांकडे वळवावा. तुटलेली तार रस्त्याच्या कडेला बसून स्वतः बदलता येते, मोटर नव्हे.