ट्रकवरची क्रेन नेमके किती उचलते?

ट्रकवर बसवलेल्या क्रेनवर ‘१० टन’ लिहिले असले, की ती कुठूनही तेवढे उचलेल असे अनेकांना वाटते. तो आकडा बूम (लांबवता येणारा पोलादी हात) आखूड असतानाचा असतो. भरलेली बादली अंगाजवळ सहज धरता येते. हात लांब केला की तीच खांदा ओढते. २ मीटरवर १० टन पेलणारी क्रेन १० मीटरवर जेमतेम २ टन पेलेल. बूमचे स्वतःचे वजन धरले तर त्याहून कमीच. इंजिनावर चालणारा पंप तेलाच्या दाबाने बूम हलवतो, पण ट्रकचा तोल राखतात ते आउटरिगर (बाजूंना पसरून जमिनीवर टेकवलेले पाय). पावसाळी भुसभुशीत मातीत त्यांखाली जाड फळ्या हव्यातच. पाइप किंवा ट्रान्सफॉर्मर उतरवायला क्रेन बोलावताना वजनाबरोबर अंतरही सांगावे.