सुगंधी तेले आणि मुतखड्याचे जंतू

वडोदरा जिल्ह्यातील करजण हा काळ्या मातीचा, कापसाचा मुलूख. वैशाखाच्या उन्हात शेतात राबणारा माणूस घाम पुष्कळ गाळतो, पण पाणी बेताचेच पितो. लघवी घट्ट होते, तिच्यातील क्षार खाली बसू लागतात आणि मुतखड्यास निमित्त मिळते. त्यावर काढे, चूर्णे व तेले सुचवणारे शेजारी गावोगाव असतात. हल्ली तर अनेक वनस्पतींची सुगंधी तेले एकत्र केल्यास खड्याचे जंतू मरतात, असेही ऐकू येते. या म्हणण्यात तथ्य किती, हे वाचकांनी नीट समजून घ्यावे.

सर्वच खडे एका जातीचे नसतात. बहुतेक खडे कॅल्शियमचे असतात व त्यांचा जंतूंशी सहसा संबंध नसतो. परंतु काही खडे जंतूच घडवितात. त्यांत ‘प्रोटियस’ नावाचा जंतू प्रमुख होय. तो ‘युरिएज’ नावाचे एक द्रव्य निर्माण करतो व त्याच्या साहाय्याने लघवीतील युरिया फोडतो. त्यातून अमोनिया सुटतो, लघवीची आम्लता नाहीशी होते आणि मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट यांचा खडा भराभर वाढू लागतो. कधी कधी तर तो सांबराच्या शिंगांप्रमाणे फांद्या फोडून सारे मूत्रपिंड व्यापून टाकतो. हे दुखणे पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते. अबईच्या कुळातील एका शेंगेच्या बियांपासून हेच युरिएज स्फटिकरूपात वेगळे करण्याचे काम अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स समनर यांनी 1926 साली केले. त्या कार्याबद्दल 1946 साली ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

आता तेलांकडे वळू. ओवा गुजरातेत पुष्कळ पिकतो. त्याच्या तेलात थायमॉल असते. ‘ओव्याचे फूल’ म्हणून आपण ओळखतो ते हेच. लवंगेच्या तेलात युजेनॉल असते. ही द्रव्ये जंतूंच्या अंगावरील पातळ आवरण बिघडवितात व जंतू मरतात. दोन तेले एकत्र केली असता कित्येकदा त्यांचे बळ केवळ बेरजेने नव्हे, तर त्याहूनही अधिक वाढते. ते मोजण्याची रीत सोपी आहे. सोंगट्यांच्या पटासारख्या घरांच्या तबकडीत दोन्ही तेले कमीअधिक प्रमाणात मिसळतात व जंतूंची वाढ कोठे थांबते ते पाहतात. एकट्याने जेवढे तेल लागते, त्याच्या चौथाई हिश्शाने प्रत्येकाचे काम भागले, तर दोहोंची बेरीज 0.5 होते. बेरीज 0.5 किंवा त्याहून कमी आली, तर ती तेले परस्परांस खरे साहाय्य करतात असे मानतात. औषधांना दाद न देणारे जंतू वाढत असताना असे संशोधन अगत्याचेच आहे. आणंद जिल्ह्यातील बोरियावी येथे तर औषधी व सुगंधी वनस्पतींच्या अभ्यासासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची स्वतंत्र संस्थाच आहे.

परंतु तबकडी निराळी आणि देह निराळा. तबकडीत तेल जंतूवर थेट पडते. पोटात घेतलेल्या थायमॉलचे रूप मात्र यकृतात पालटते आणि त्या पालटलेल्या रूपातच ते लघवीत उतरते. शिवाय हे जंतू खड्याच्या पोटात दडून बसतात; तेथे रुग्णालयातील जंतुनाशक औषधेही पुरतेपणी पोहोचत नाहीत. म्हणूनच असा खडा समूळ काढावा लागतो. तुकडा मागे राहिला, तर त्याभोवती नवा खडा वाढू शकतो. उलट, शुद्ध तेल पिणे धोक्याचे आहे. लवंगेचे तेल चमचा-दोन चमचे पोटात गेल्याने लहान मुलांच्या यकृतास गंभीर इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. भाजीत फोडणीला ओवा घालणे वेगळे, आणि त्याचे तेल औषध म्हणून पिणे वेगळे.

तेव्हा करावे काय? रोज निदान दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. उन्हाच्या दिवसांत शेतावर जाताना पाण्याची कळशी सोबत असावी. मूत्रपिंडाचे वा हृदयाचे दुखणे असणाऱ्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांस विचारूनच ठरवावे. लघवीतून खडा पडला, तर तो टाकून न देता तपासणीस न्यावा. त्याची जात कळली म्हणजे उपचार ठरतो. कुशीत कळा येऊन थंडीताप भरला, तर एक दिवसही दवडू नये. लघवीची वाट खड्याने अडली व मागे जंतू साचले, तर काही तासांतच विष रक्तात भिनून प्राणावर बेतते. वडोदऱ्याच्या पलीकडे, करजणच्याच रेल्वेमार्गावर नडियाद लागते. तेथील मुलजीभाई पटेल रुग्णालय 1978 पासून मूत्रविकारांच्या उपचारांसाठी प्रसिद्ध आहे.

सुगंधी तेलांतून उद्या एखादे उत्तम औषध निघेलही. तशी आशा बाळगण्यास जागा आहे. मात्र ते औषध माणसांवर पारखून सिद्ध होईपर्यंत बाटलीतील तेलावर विसंबून घरातील आजाऱ्याचा मोलाचा वेळ कोणी घालवू नये.