पक्षीनिरीक्षकांची दोन घड्याळे : जंगलाचे आणि खाडीचे

प्रतिनिधी

हिवाळा लागला की गळ्यात दुर्बीण अडकवून रविवारी पहाटे घराबाहेर पडणाऱ्यांची संख्या वाढते. मुंबई परिसरातील अनेकांची पावले कर्नाळ्याच्या जंगलाकडे किंवा ठाणे खाडीकडे वळतात. मात्र ‘पक्षी फारसे दिसलेच नाहीत’ असे म्हणत परतणारेही कमी नसतात. बहुतेक वेळा चुकते ती वेळ. जंगलातील पक्षी सूर्य आणि पावसाप्रमाणे चालतात, खाडीतील पक्षी भरती-ओहोटीप्रमाणे.

आधी कान, मग डोळे

मुंबई-गोवा महामार्गावर पनवेलच्या पुढे असलेले कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम १२ चौरस किलोमीटर आहे. दाट झाडीमुळे येथे पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो. सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास सर्वांत मोलाचे असतात. अर्धा तास शुकशुकाट आणि मग एकाच झाडावर पाच-सहा जातींचे पक्षी, हा अनुभव नेहमीचा. कोतवाल, निखार, शिलिंध्री असे पक्षी मिश्र थव्याने भक्ष्य शोधतात. एकाच्या हालचालीने उडालेला किडा दुसऱ्याला मिळतो आणि शत्रूवर नजर ठेवायला अनेक डोळे असतात. म्हणूनच पक्ष्यांमागे धावण्यापेक्षा एका जागी स्तब्ध उभे राहणे लाभाचे ठरते.

पावसाच्या आगेमागे येथे तिबोटी खंड्या विणीसाठी येतो. जेमतेम १३ सेंटिमीटरचा हा रंगीत पक्षी ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ खोदून पिल्ले वाढवतो. बिळासमोर छायाचित्रकार ठाण मांडून बसले, तर चोचीत पाल किंवा खेकडा घेऊन आलेला पक्षी आत शिरायला कचरतो आणि पिल्ले उपाशी राहतात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणेही तितकेच घातक. हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला असे समजून तो खाणे आणि पिल्ले सोडून धावत येतो.

सहलीआधी तिथी पाहा

ठाणे खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला ‘रामसर’ पाणथळीचा दर्जा मिळाला. साधारण नोव्हेंबर ते मे या काळात येथे रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, हजारोंनी उतरतात. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात चोच उलटी घालून ते शेवाळ व सूक्ष्मजीव गाळून खातात. पूर्ण भरतीला हा चिखल बुडतो, तर पूर्ण ओहोटीला बोटीला पुरेसे पाणी नसते. त्यामुळे दोहोंमधली वेळ साधावी लागते.

त्यासाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे मिळते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते, म्हणजे सकाळी नऊ-दहा वाजता चिखल उघडा पडू लागतो. नेमकी वेळ मात्र भरतीच्या तक्त्यातच पाहावी.

भरतीत पक्षी जातात कुठे?

चिखल पाण्याखाली गेला की रोहित जवळच्या उथळ तलावांवर विसाव्याला येतात. नेरुळच्या इमारतींच्या सावलीत दिसणारे गुलाबी थवे हे असे विश्रांतीला आलेले असतात. २०२४ च्या उन्हाळ्यात तेथील डीपीएस तलाव आटू लागला आणि परिसरात काही रोहित मृतावस्थेत आढळले. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. अशा अनेक पाणथळ जागा अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत. त्या बुजल्या, तर संरक्षित खाडीत अन्न राहील, परंतु भरतीच्या वेळी पाय टेकायला जागा राहणार नाही. पुढच्या सहलीत खाडीइतकेच लक्ष या तलावांकडेही द्यायला हवे.