गाऱ्हाणी एका दारी आली तेव्हा

अन्याय वाढत गेला की एक दिवस क्रांती होते, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. अन्यायाच्या आकारावरच सारे ठरत असते, तर 1857 मध्ये सर्वांत आधी नागपूरच्या भोसल्यांचा वाडा पेटून उठायला हवा होता. डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले, त्यांना पुत्र नव्हता. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक मान्य केला नाही आणि 1854 मध्ये राज्य खालसा झाले. वाड्यातले जडजवाहीर आणि पागेतली जनावरे लिलावात गेली. एवढी मानहानी होऊनही हे घराणे उठावात उतरले नाही. उलट ज्येष्ठ राणी बांकाबाई यांनी आपले वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले. शस्त्र उचलले गेले ते त्याच राज्याच्या पूर्वेकडच्या भागात, छत्तीसगडातल्या सोनाखान या लहानशा जमीनदारीत. हा फरक नीट पाहिला तर लक्षात येते की दुःख कितीही खोल असले तरी ते एकट्याचे असेपर्यंत गाऱ्हाणेच राहते. वेगवेगळ्या लोकांची गाऱ्हाणी एकाच सत्तेच्या दारी येऊन थांबतात आणि हे त्या लोकांना उमगते, तेव्हाच बंडाला सुरुवात होते.

1856 मध्ये या भागात दुष्काळ पडला. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी कसडोलच्या एका व्यापाऱ्याचे कोठार उघडून धान्य उपाशी लोकांना वाटले आणि तसे सरकारलाही कळवले. म्हणजे दाद मिळेल, निदान ऐकून घेतले जाईल, ही अपेक्षा तोवर शिल्लक होती. रायपूरच्या डेप्युटी कमिशनरने मात्र व्यापाऱ्याची तक्रार तेवढी ऐकली. नारायणसिंह दरोडेखोर ठरले आणि ऑक्टोबर 1856 मध्ये पकडले गेले. इथवर ही एका जमीनदाराची आणि त्याच्या रयतेची कहाणी होती. ती बदलली रायपूरच्या तुरुंगात. उत्तरेत पलटणी उठल्या होत्या आणि रायपुरातल्या तिसऱ्या पलटणीचे शिपाईही अस्वस्थ होते. ऑगस्ट 1857 मध्ये त्यांच्याच मदतीने नारायणसिंह निसटले. शिपायांना सोनाखानच्या धान्याशी काही घेणेदेणे नव्हते आणि सोनाखानच्या रयतेला छावणीतल्या तक्रारी ठाऊक नव्हत्या. तरीही आपल्याला छळणारी सत्ता एकच आहे, हे दोघांनाही कळले. सुटून आल्यावर नारायणसिंहांनी धान्य मागितले नाही, फौज उभी केली.

यावर आक्षेप येतात आणि ते टाळून चालणार नाही. नारायणसिंह स्वतःची जमीनदारी वाचवत होते, असे म्हटले जाते. तो हेतू असेलही. 1818-19 च्या सुमारास त्यांचे वडील रामराय यांचाही सत्तेशी संघर्ष झाला होता. पण केवळ जमीनदारी राखायची असती तर सोपा मार्ग शेजारीच दिसत होता. देवरीच्या जमीनदाराने इंग्रजांना साथ दिली आणि तो सुरक्षित राहिला. दुसरा आक्षेप आपल्याला, मराठी माणसांना, अधिक बोचणारा आहे. भोसल्यांचा अंमल तरी सौम्य होता का? नव्हता. 1758 मध्ये बिंबाजी भोसले छत्तीसगडातल्या रतनपूरला राज्यकर्ते म्हणून आले. त्यांच्यानंतरच्या सुभेदारीत वसुलीचा जाच रयतेने पुष्कळ सोसला. म्हणूनच हा उठाव ‘गेलेले मराठी राज्य परत आणण्यासाठी’ झाला, असे म्हणणे चुकीचे ठरेल.

तिसरा आक्षेप अपयशाचा. डिसेंबर 1857 च्या आरंभी नारायणसिंह शरण आले आणि 10 डिसेंबरला रायपुरात त्यांना मृत्युदंड देण्यात आला. 18 जानेवारी 1858 च्या रात्री तिसऱ्या पलटणीतल्या हनुमानसिंहाने सिडवेल या लष्करी अधिकाऱ्याला ठार करून बंड पुकारले; ते काही तासांतच मोडले. हनुमानसिंह निसटला, पण त्याच्या सतरा साथीदारांना 22 जानेवारीला फाशी झाली. त्यांत हिंदू होते, मुसलमानही होते. हा उठाव फसला तो दुःख कमी पडले म्हणून नव्हे. तुरुंगात जुळलेला धागा शेजारच्या जमीनदाऱ्यांपर्यंत आणि गावोगावच्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचलाच नाही, म्हणून तो फसला.

तो धागा विणायला पुढे साठ वर्षे लागली आणि त्यात छत्तीसगडातल्या मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. माधवराव सप्रे यांनी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगड मित्र’ हे हिंदी मासिक काढले; रायपूरचे वामन बळीराम लाखे त्याचे प्रकाशक होते. 1907 मध्ये सप्र्यांनी नागपुरात ‘हिंद केसरी’ सुरू केला आणि दुसऱ्याच वर्षी त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. लाख्यांनी रायपुरात सहकारी चळवळ उभी केली. या कामाचे फळ 1920 मध्ये धमतरीजवळच्या कंडेल गावात दिसले. कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवून सरकारने गावावर सुमारे चार हजार रुपयांचा दंड बसवला. सुंदरलाल शर्मा, नारायणराव मेघावाले आणि छोटेलाल श्रीवास्तव यांच्या नेतृत्वाखाली गावाने तो भरण्यास नकार दिला. सरकारने गुरे जप्त करून बाजारोबाजार लिलावाला नेली, पण बोली लावायला कोणी पुढे आले नाही. डिसेंबरमध्ये गांधीजी छत्तीसगडात आले, त्या सुमारास सरकारने माघार घेतली. 1857 मध्ये शेजारच्या जमीनदाराने इंग्रजांना साथ दिली होती. 1920 मध्ये परक्या गावच्या गिऱ्हाइकानेही कंडेलच्या बैलाला हात लावला नाही. एका गावाच्या पाण्याचा प्रश्न साऱ्या मुलखाचा झाला होता. बंदूक नव्हती म्हणून याला क्रांती म्हणू नये, असे कोणी म्हणेल. पण सरकारचा लिलाव ओस पडतो, तेव्हा त्या सरकारचा हुकूमच ओस पडलेला असतो.

भिलाईत, दुर्गात, रायपुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा इतिहास परका नाही. त्यात राज्यकर्ते म्हणून आपला जाच आहे आणि सप्रे, लाखे, मेघावाले यांच्या रूपाने आपले योगदानही आहे. दोन्ही बाजू मुलांना सांगाव्यात. नारायणसिंहांचे नाव त्यांच्या कानांवर पडते. त्या सतरा शिपायांची आणि कंडेलच्या शेतकऱ्यांची ओळखही आपण त्यांना करून द्यायला हवी.