रिमोटचा ग्लायडर नीट उडणार की नाकावर आपटणार? ते ठरतं सर्व्हो, रिसीव्हर आणि बॅटरी कुठे बसवली यावर

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडायला लागली. पनवेलमध्ये गच्चीवर उभं राहून विमान बघणं आता रोजचं झालं. मग घरातलं एखादं दहा-बारा वर्षांचं पोर विचारतंच, "असं काहीतरी आपल्याला बनवता येईल का?"

येईल. मोटार नसलेला, एक मीटर पंखांचा, रिमोटवर वळणारा छोटा ग्लायडर घरच्या टेबलावर बनतो. बाल्सा लाकूड किंवा फोमचा सांगाडा बहुतेकांना जमतो. गाडी अडते ती पुढे, त्यात कंट्रोलचं सामान बसवताना. पहिल्याच फेकीत ग्लायडर नाकावर आपटला की दोष रिमोटला दिला जातो. खरी चूक बहुतेक वेळा वजनाच्या जागेत असते.

आणि पनवेलकरांसाठी अजून एक भानगड आहे. ग्लायडर बनवा पनवेलमध्ये, पण उडवायचा कुठे? ते शेवटी बघू.

आत नेमकं काय बसतं?

फक्त तीन गोष्टी: रिसीव्हर, दोन सर्व्हो आणि बॅटरी.

रिसीव्हर हातातल्या रिमोटचा सिग्नल पकडतो आणि सर्व्होला सांगतो की किती फिरायचं. सर्व्हो म्हणजे काडेपेटीपेक्षाही छोटी डबी. आत एक बारीक मोटार, गिअर आणि आपण कुठे आहोत हे मोजणारा एक छोटा पोटेन्शिओमीटर असतो. रिसीव्हर सर्व्होला सेकंदाला साधारण ५० वेळा विजेचा एक ठोका पाठवतो. ठोका १.५ मिलिसेकंदाचा असेल तर सर्व्होचा हात मध्यावर थांबतो. १ मिलिसेकंदाचा असेल तर एका टोकाला जातो, २ मिलिसेकंदाचा असेल तर दुसऱ्या. सगळी भाषा एवढीच!

एक सर्व्हो शेपटीवरचा उभा पडदा हलवतो, तो रडर. दुसरा आडवा पडदा हलवतो, तो एलेव्हेटर. एलेव्हेटरनं नाक वर-खाली होतं. रडरनं ग्लायडर वळतो, पण एका अटीवर. पंख समोरून पाहिल्यावर थोडे 'व्ही'सारखे वर उचललेले हवेत. रडरनं नाक बाजूला गेलं की एका पंखाला वारा जास्त कोनात लागतो, तो पंख उचलला जातो आणि ग्लायडर कलून वळतो. पंख सपाट असतील तर रडर कितीही मारा, तो नुसता आडवा सरकतो.

वजनाचा हिशोब

बाजारात सगळ्यात सहज मिळणारा निळा छोटा सर्व्हो म्हणजे एसजी ९०. कॉलेजच्या रोबोटिक्स प्रोजेक्टमध्ये सगळे हाच वापरतात. वजन ९ ग्रॅम. दोन घेतले की १८ ग्रॅम. साधा रिसीव्हर ८ ग्रॅमच्या आसपास. टीव्हीच्या रिमोटमध्ये बसतात तसे चार बारीक रिचार्जेबल सेल साधारण ५० ग्रॅम. म्हणजे सुमारे ७५ ग्रॅम.

आता हलकं सामान घ्या. ४-४ ग्रॅमचे दोन सर्व्हो, ४ ग्रॅमचा रिसीव्हर आणि एका सेलची छोटी लिपो बॅटरी. वायर धरून २५ ग्रॅमच्या आत-बाहेर.

रिकामा सांगाडा ११० ग्रॅमचा धरला तर एक ग्लायडर १८५ ग्रॅमचा होतो, दुसरा १३५चा. फरक ५० ग्रॅमचा, बिस्किटाच्या छोट्या पुड्याएवढा. पण तेवढेच पंख जास्त वजन उचलणार असतील तर त्यांना जास्त वेगानं जावं लागतं, आणि हा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. इथे तो १७ टक्के वाढतो. आपटण्याची ऊर्जा मात्र वजन आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारानं वाढते. हिशोब केला तर जड ग्लायडर जमिनीवर जवळजवळ ८८ टक्के जास्त ऊर्जेनं आदळतो. नाक का फुटतं, ते इथे कळतं.

तरी हलकं सामान आणलं म्हणजे काम झालं असं नाही. ते पंखाखाली मध्यभागी ठेवून दिलं तर ग्लायडरचं नाक हलकं राहतं आणि मग नाकात शिसं भरावं लागतं. वाचवलेलं वजन परत आलं!

ग्लायडर हा शाळेतल्या सी-सॉसारखा आहे. टेकू म्हणजे तोल साधणारी जागा, म्हणजेच गुरुत्वमध्य. समजा शेपूट टेकूपासून ५० सेंटीमीटर मागे आहे आणि नाक २० सेंटीमीटर पुढे. शेपटीवर गोंदाचे चार थेंब जास्त पडले, रंगाचा एक हात जास्त बसला आणि ४ ग्रॅम वाढले. ४ गुणिले ५० म्हणजे २००. ते फेडायला नाकात २०० भागिले २०, म्हणजे १० ग्रॅम टाकावे लागतात. शेपटीवरचा १ ग्रॅम अडीच ग्रॅमला पडतो. त्यामुळे सर्व्हो शेपटीजवळ लावायचा मोह टाळायचा. बॅटरी अगदी नाकात, तिच्यामागे रिसीव्हर, त्यामागे सर्व्हो, आणि शेपटीपर्यंत फक्त बारीक तार.

टेकू नेमका कुठे हवा? सरळ आयताकृती पंख असेल तर पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या ३० टक्क्यांवर सुरुवात करावी. पंख १५ सेंटीमीटर रुंद असेल तर साडेचार सेंटीमीटरवर पेन्सिलनं खूण करा आणि दोन्ही पंखांखाली त्या खुणेवर बोट ठेवून ग्लायडर उचला. तो सपाट किंवा किंचित नाक खाली करून राहिला पाहिजे. शेपूट खाली गेली तर फेकायचं नाही. नाक थोडं जड असलेला ग्लायडर कसातरी खाली येतो आणि दुरुस्त करता येतो. शेपूट जड असलेला हवेत नाक वर करून थांबतो, कोसळतो आणि सावरायला वेळच देत नाही.

म्हणून आधीच काही चिकटवू नका. सगळं सामान सेलोटेपनं तात्पुरतं लावा, पुढे-मागे सरकवून तोल पाहा, मग जागा पक्की करा. बॅटरी कायमची चिकटवायचीच नाही, वेल्क्रोवर ठेवायची.

सर्व्होचा हात आधी लावायचा नाही

इथे नव्वद टक्के नवशिके घाई करतात, असं म्हटलं तरी चालेल. सर्व्होवर प्लास्टिकचा हात लावला, तार जोडली, मग वीज दिली. सर्व्हो मध्यावर येताना रडर एका बाजूला वाकडा झाला.

उलट करा. आधी रिमोट चालू करा, ट्रिम शून्यावर आणा, मग ग्लायडरची बॅटरी जोडा. सर्व्हो आपसूक मध्यावर येईल. आता हात तारेला काटकोनात बसवा आणि शेपटीचे पडदे सरळ असताना तारेची लांबी पक्की करा. तारेच्या टोकाला इंग्रजी झेडसारखी वळी दिली की ती भोकातून निसटत नाही. तार प्लास्टिकच्या नळीतून न्या आणि नळी थोड्या-थोड्या अंतरावर सांगाड्याला चिकटवा. मोकळी नळी वाकते. मग सर्व्हो हलतो, पडदा हलत नाही.

एक छोटी पण महागात पडणारी गोष्ट: थर्मोकोलवर फेव्हिक्विक लावू नका. ते थर्मोकोल खाऊन टाकतं. फोमवर चालणारा गोंद किंवा कमी तापलेली ग्लू गन वापरा.

बॅटरीचा आकडाही बघा. एसजी ९०सारखे सर्व्हो ४.८ व्होल्टसाठी बनलेत. दोन सेलची लिपो ७.४ व्होल्ट देते, ती थेट जोडली तर सर्व्हो जळू शकतो. एका सेलची ३.७ व्होल्टची लिपो घेणार असाल तर रिसीव्हर आणि सर्व्हो दोन्ही तेवढ्यावर चालतात का, हे विकत घेतानाच विचारा. आणि लिपो चार्जिंगला लावून झोपायचं नाही.

अँटेना कापू नका, लपवू नका

आजचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वायफायचाही हाच पट्टा. या पट्ट्यात कमी ताकदीच्या उपकरणांना भारतात वेगळा परवाना लागत नाही. पूर्वी परदेशातल्या क्लबांमध्ये प्रत्येक रिमोटला ठरावीक क्रिस्टल असायचा आणि दोघांचा चॅनल एकच निघाला तर एकाचं विमान पडायचं. आताचे रिमोट स्वतःच वाहिन्या बदलत राहतात, ती कटकट संपली.

रिसीव्हरच्या अँटेनाचं शेवटचं टोक सुमारे ३१ मिलिमीटर उघडं असतं. हा आकडा उगाच नाही, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीच्या लांबीचा तो पाव भाग आहे. नीटनेटकं दिसावं म्हणून ते टोक कापलं की पल्ला गेला. सांगाड्यात कार्बनच्या काड्या असतील तर टोक त्यांच्यापासून दूर ठेवा, कारण कार्बन सिग्नल अडवतो. बाल्सा आणि फोम अडवत नाहीत.

मैदानावर जाण्याआधी ग्लायडरच्या मागे उभे राहा. काठी स्वतःकडे ओढली की एलेव्हेटरची मागची कड वर गेली पाहिजे. काठी उजवीकडे नेली की रडरची मागची कड उजवीकडे. उलटं होत असेल तर रिमोटमध्ये रिव्हर्सचं बटण असतं. ही तपासणी दहा सेकंदांची आहे. ती न केल्यानं किती ग्लायडर मोडलेत, हे कुठल्याही हौशी माणसाला विचारा.

मग उडवायचा कुठे?

'मोटारच नाही, मग ड्रोनचे नियम कशाला?' असं वाटू शकतं. ड्रोन नियम २०२१मधली व्याख्या मोटार बघत नाही. आत पायलट न बसता आपोआप किंवा दुरून चालवलं जाणारं विमान, एवढंच ती म्हणते. आपला ग्लायडर २५० ग्रॅमच्या आत असल्यानं नॅनो गटात येतो, त्यामुळे पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण आकाशाचे रंग त्यालाही लागू होतात.

चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतचं आकाश हिरवं, त्यावरचं पिवळं. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीच नाही. पनवेल शहर, खांदा कॉलनी, कामोठे, उलवे ही सगळी वस्ती विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे कालपर्यंत पतंग-विमान उडवायचं सोसायटीमागचं मैदान आता या कामाचं राहिलेलं नाही.

त्यामुळे गाडी काढण्याआधी डिजिटल स्काय पोर्टलवरचा नकाशा उघडायचा आणि नेमक्या मैदानावर बोट ठेवून रंग बघायचा. तालुक्याच्या पूर्वेला, माथेरानच्या डोंगराच्या दिशेनं गेलं की विमानतळ मागे पडत जातो. तिकडे भात कापून झालेलं शेत मिळालं तर उत्तम, मालकाला विचारून. मात्र कर्नाळ्याकडे वळू नका, ते पक्षी अभयारण्य आहे. आणि हाय टेन्शनच्या तारा दिसल्या तर दुसरं शेत शोधा.

वेळ सकाळची. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि एवढासा ग्लायडर त्यात भिरभिरतो. तोंड वाऱ्याकडे, ग्लायडर सपाट, खांद्याच्या उंचीवरून सरळ पुढे सोडायचा. वर फेकायचा नाही. पहिल्या दोन-तीन वेळा काठीला हातही न लावता बघायचं. तो लगेच नाक खाली करून पळाला तर एलेव्हेटरला किंचित वरचं ट्रिम. वर चढून थबकला आणि कोसळला तर बॅटरी वेल्क्रोवर थोडी पुढे सरकवायची आणि पुन्हा सोडायचा.