जुनी सायकल, नवे चाक

बंगळूरच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटर अंतरावर नंदी टेकडी आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले, तर टेकडीचा माथा १४७८ मीटर उंचीवर. सुटीच्या दिवशी पहाट होण्यापूर्वीच सायकलस्वार त्या वाटेने निघतात. त्यांत नव्या, महागड्या सायकली असतात. तशाच वीस-वीस वर्षे वापरलेल्या, जाड टायरांच्या जुन्या माउंटन सायकलीही असतात. या जुन्या सायकलींच्या मालकांना आज एक प्रश्न पडतो. आपली चाके २६ इंची. नव्या सायकलींची साडेसत्तावीस किंवा एकोणतीस इंची. फ्रेम अजून भक्कम आहे. मग केवळ चाके बदलून चालणार नाही काय?

प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर मोजपट्टी हाती घेतल्यावाचून देता येत नाही. न मोजता बसविलेले मोठे चाक उतारावर पुढच्या चिमट्यात अडकले, तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून हा विषय हौसेचा असला, तरी हलक्याने घेण्याजोगा नाही.

प्रथम २६ इंच हे माप आले कोठून, ते पाहू. १९३३ साली अमेरिकेतील श्विन कंपनीने मुलांच्या सायकलींसाठी फुगीर टायर बाजारात आणला. पुढे १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यातील काही तरुण अशा जुन्या, वजनदार सायकली घेऊन टॅमल्पाइस पर्वताच्या मातीच्या वाटांवरून खाली धावू लागले. १९७७ साली त्यांच्यापैकी जो ब्रीझ याने याच कामासाठी खास फ्रेम बनविली. तिलाही चाके जुन्याच मापाची होती, कारण जाड टायर त्याच मापात मिळत. अशा रीतीने २६ इंच हे माप रूढ झाले. डोंगराचा अभ्यास करून ते कोणी ठरविले नव्हते. २०१२ साली नीनो शुर्टर या स्विस स्पर्धकाने साडेसत्तावीस इंची चाकांवर विश्वचषक मालिकेतील शर्यत जिंकली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मोठ्या कारखान्यांनी २६ इंचांकडे पाठ फिरविली.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. टायरवर छापलेले इंच हे चाकाचे नाव आहे, माप नव्हे. खरे माप म्हणजे टायरची कड रिमवर जेथे बसते तेथील व्यास. त्याला आपण बैठकीचा व्यास म्हणू. माउंटन सायकलीच्या २६ इंची चाकाचा हा व्यास ५५९ मिलिमीटर असतो. साध्या सायकलीच्या २६ × १ ३/८ या टायरचा मात्र ५९० मिलिमीटर. दोहोंचे नाव एक. परंतु एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर कधीही बसणार नाही. उलटपक्षी, एकोणतीस इंची माउंटन सायकल आणि बारीक टायरची ७०० सी सायकल यांची नावे निरनिराळी असली, तरी बैठकीचा व्यास दोहोंचा ६२२ मिलिमीटरच आहे. साडेसत्तावीस इंची म्हणून विकले जाणारे चाक हे फ्रान्समधील जुने ६५० बी. त्याचा व्यास ५८४ मिलिमीटर. हा आकडा बहुतेक टायरांच्या बाजूवर ‘५४-५५९’ अशा स्वरूपात छापलेला असतो. पहिली संख्या टायरची रुंदी, दुसरी बैठकीचा व्यास. दुकानात जाण्यापूर्वी ही जोडी वहीत उतरवून घ्यावी.

आता फ्रेमची परीक्षा करू. ती तीन ठिकाणी करावयाची.

पहिली परीक्षा जागेची. टायरची उंची ढोबळमानाने त्याच्या रुंदीइतकी असते. त्यामुळे ५४-५५९ या चाकाचा बाहेरचा व्यास ५५९ अधिक १०८, म्हणजे ६६७ मिलिमीटर होतो. ४७-५८४ या चाकाचा ६७८. दोहोंच्या त्रिज्यांत अवघ्या साडेपाच मिलिमीटरांचा फरक. परंतु ५०-६२२ हे चाक घेतले, तर व्यास ७२२ होतो आणि त्रिज्या साडेसत्तावीस मिलिमीटरांनी वाढते. एवढी जागा जुन्या चिमट्यात क्वचितच सापडते. टायरभोवती सर्व बाजूंनी निदान सहा मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. पावसाळ्यात बंगळूरभोवतीची तांबडी माती टायरला चिकटते, हे मापात धरावे. चिमटा स्प्रिंगचा असेल, तर तो पूर्ण दाबून पाहावा. कारण खड्ड्यात चाक आदळताच वरचा भाग टायरच्या दिशेने खाली येतो. पेडल पुढे असताना हँडल वळवून बुटाचे टोक चाकास लागत नाही, हेही पाहावे.

दुसरी परीक्षा ब्रेकची. जुन्या सायकलींत ब्रेकचे रबर रिमला दोन्ही बाजूंनी दाबते. बैठकीचा व्यास ५५९ वरून ५८४ झाला, की रिम साडेबारा मिलिमीटर वर सरकते. ६२२ झाला, की साडेएकतीस. रबर मात्र खाचेत थोडेच वर-खाली करता येते. साडेबारा मिलिमीटरही बहुधा त्याच्या आवाक्याबाहेर जातात. साडेएकतीस तर निश्चितच. रबर रिमवर अर्धवट टेकले, तर ते आऱ्यांत घुसण्याचा धोका असतो. डिस्क ब्रेक असल्यास ही अडचण उरत नाही, कारण तेथे चकती चाकाच्या मध्यभागी असते आणि रिमच्या मापाशी तिचा संबंध नसतो.

तिसरी परीक्षा तोलाची. दोन्ही चाके मोठी केली, तर पेडलांचा आस व बैठक ही दोन्ही तेवढीच उंचावतात. पुढचेच चाक साडेसत्तावीस मिलिमीटर त्रिज्येने वाढविले, तर सुमारे एक मीटर लांबीच्या सायकलीचे तोंड दीड अंशाने वर होते आणि वळण्यात सुस्ती येते.

शिवाय चढाचा हिशेब आहे. पुढे ३२ व मागे ३२ दाते असता पेडलाच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होतो. व्यास ६६७ असेल तर सायकल सुमारे २.१० मीटर पुढे जाते. ७२२ असेल तर २.२७ मीटर. नंदीच्या चढावर हा आठ टक्क्यांचा भार गुडघ्यांवर पडतो. अंतर मोजणाऱ्या यंत्रात नवा परीघ भरला नाही, तर १०० किलोमीटरांच्या प्रवासास ते सुमारे ९२ च दाखवील.

एवढ्या खटाटोपाचा लाभ काय? मोठे चाक अडथळ्यावर अधिक सुलभतेने चढते, हे खरे. पण पन्नास मिलिमीटर उंचीच्या दगडाशी ६६७ व्यासाचे चाक भिडते, तेव्हा स्पर्शबिंदू चाकाच्या तळबिंदूपासून सुमारे ३२ अंशांवर असतो. ७२२ व्यासाचे चाक असता सुमारे साडेतीस अंशांवर. फरक एक-सव्वा अंशाचा! तेवढ्यासाठी ब्रेकचा भरवसा गमावणे शहाणपणाचे नव्हे.

तात्पर्य हे की, फ्रेमला डिस्क ब्रेक असतील आणि जागा पुरेशी असेल, तर ५८४ मिलिमीटरचे चाक खुशाल बसवावे. अन्यथा आहे त्याच ५५९ च्या रिमवर चांगला टायर घालावा. पक्क्या रस्त्यावर अरुंद व गुळगुळीत, मातीत रुंद व खाचांचा. जुनी वस्तू मोडीत न काढता तिच्याकडून आणखी काही वर्षे काम घेणे हा आपल्याकडील जुना सद्गुण आहे. वस्तूची मर्यादा मोजून ओळखणे हाही त्याच सद्गुणाचा भाग होय.